लिफ्ट केलेली गाडी मागून बसली? आधी मोजा, मग स्प्रिंगला हात लावा

थार असो, जिम्नी, स्कॉर्पिओ नाहीतर जुनी जिप्सी, गाडी ४०-५० मिमी उचलून घेतली की सुरुवातीला ती ताठ उभी दिसते. काही महिन्यांनी बाजूने पाहताना लक्षात येतं, की नाक वर राहिलंय आणि मागचा भाग खाली आलाय. गतिरोधकावरून उतरताना मागून 'धप्प' आवाज येतो. घाटातल्या वळणांवर गाडी मागून डुलते. रात्री समोरचे लोक डिपर मारत राहतात, कारण मागून बसलेल्या गाडीचे हेडलाइट थेट त्यांच्या डोळ्यांत जातात.

गॅरेजमध्ये यावर दोन उत्तरं ठरलेली असतात: 'शॉकअप गेलेत' किंवा 'वर एक स्पेसर (उंची वाढवणारी जाड चकती) टाकून देतो'. पहिलं बहुतेक वेळा चुकीचं असतं. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकअपचं काम फक्त हेलकावे थांबवण्याचं. गॅसचा शॉकअप पूर्ण निकामी झाला तरी उंचीत काही मिलिमीटरच फरक पडतो. दुसरं उत्तर कधीकधी बरोबर असतं, पण न मोजता टाकलेला स्पेसर पुढच्या बिघाडाची तयारी करून ठेवतो. ते कसं, ते पुढे येतं.

उंची कशी मोजायची

जमिनीपासून बंपरपर्यंत मोजू नका. त्यात टायरचा आकार आणि हवा दोन्ही मिसळतात. चाकाच्या बरोबर मध्यापासून (हबचा मध्य) सरळ वर, मडगार्डच्या कमानीच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. कमानीवर मास्किंग टेप लावून पेन्सिलीने रेघ मारा, म्हणजे दर वेळी तीच जागा सापडेल. कडेला प्लास्टिकची पट्टी असेल तर ती हलते. टेप पत्र्यावर लावा.

जागा सपाट हवी. सोसायटीच्या पार्किंगला बहुतेक ठिकाणी पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो, पेट्रोल पंपावरही तेच. गवंड्याकडची पाण्याची लेव्हल नळी मिळाली तर उत्तम. नसेल तर गाडी एकदा मोजा, त्याच जागी उलट तोंड करून उभी करा, पुन्हा मोजा आणि सरासरी घ्या. उताराची चूक त्यात बरीचशी निघून जाते.

मोजण्याआधी चारही टायरची हवा सारखी करा, हँडब्रेक सोडा, गाडी तीन-चार मीटर पुढे-मागे ढकला आणि मागचा बंपर हाताने तीनदा दाबून सोडा. हे टाळलंत तर सांध्यांमधल्या रबरी बुशमध्ये अडकलेला ताण तुम्हाला ५-१० मिमी खोटा आकडा दाखवेल. वहीत तारीख, टाकी किती भरलेली होती, गाडीत काय सामान होतं आणि चारही चाकांचे आकडे लिहा. लिफ्ट किट बसवल्याच्या दिवसाचे आकडे जवळ असतील तर अर्धं काम झालं. नवीन किट बसवणाऱ्यांनी ते त्याच दिवशी घ्यावेत.

डाव्या-उजव्या बाजूत पाच-सहा मिमी फरक असेल तर सोडून द्या. टाकी एका बाजूला असते, बॅटरी एका बाजूला. फरक १० मिमीच्या वर गेला तर गाडीखाली जा. स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा, जो सीटमध्ये, म्हणजे स्प्रिंग बसते त्या वाटीत, चिखलात रुतलेला असतो, तिथेच ती तुटते आणि तुटलेला तुकडा जागेवरच बसून राहतो. वरून पाहिलं तर स्प्रिंग अखंड दिसते. ब्रशने चिखल काढा, टॉर्चच्या उजेडात शेवटचा वेढा टोकापर्यंत पाहा. तुटलेलं टोक ताजं असेल तर राखाडी आणि दाणेदार दिसतं, जुनं असेल तर गंजलेलं, पण कड धारदार. तुटली असेल तर पुढचा विचारच नको. दोन्ही स्प्रिंगा बदला, एकटी कधीच नाही.

भार की थकवा?

सगळा निर्णय या एका चाचणीवर उभा आहे. गाडी पूर्ण रिकामी करा. डिकीतली हत्यारांची पेटी, कॅरियरवरचे जेरीकॅन, वूफर, कॅम्पिंगचं सामान, सगळं खाली. पुन्हा मोजा.

उंची किट बसवलेल्या दिवसाइतकी परत आली तर स्प्रिंग ठीक आहे, तिच्यावर भार जास्त पडतोय. रिकामी करूनही उंची परत आली नाही तर स्प्रिंग कायमची दबली आहे.

दबलेली स्प्रिंग 'मऊ झाली' असं सर्रास म्हटलं जातं, पण तसं होत नाही. स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेढ्याचा व्यास, वेढ्यांची संख्या आणि पोलादाचा गुणधर्म यांवर ठरतो, आणि वापराने यातलं काहीच बदलत नाही. कमी होते ती तिची मोकळी लांबी. काढलेली स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी उभी केली की ती आखूड दिसते. म्हणून दोन वर्षं चाललेली स्प्रिंग १० मिमी बसून तिथेच थांबली असेल, तर १० मिमीचा स्पेसर टाकणं हा रास्त उपाय आहे. नवी स्प्रिंगही पहिल्या काही आठवड्यांत ५-१० मिमी बसते, ते स्वाभाविक आहे. पण दर महिन्याला आकडा खाली जातच असेल तर पोलाद किंवा त्याचं उष्णतासंस्करण कच्चं आहे. चांगला कारखाना स्प्रिंग विकण्याआधी ती पूर्ण दाबून काढतो, म्हणजे जे बसायचं ते तिथेच बसतं. स्वस्त मालात हे काम वगळलेलं असतं आणि ते तुमची गाडी पूर्ण करते.

स्प्रिंग लवकर का दबते

मूळ स्प्रिंग तशीच ठेवून वर ३० मिमी स्पेसर टाकला असं धरा. गाडी ३० मिमी उचलली जाते, कडकपणा तोच राहतो, सगळं छान वाटतं. आता मोठ्या खड्ड्यात चाक पूर्ण वर जातं आणि ॲक्सल बंप स्टॉपवर, म्हणजे त्याला वर अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, टेकतो. बंप स्टॉप पूर्वीच्याच जागी आहे, पण स्प्रिंगच्या वाट्याची जागा ३० मिमीने कमी झाली आहे. म्हणजे प्रत्येक मोठ्या दणक्यात ती कारखान्याने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा ३० मिमी जास्त दबते. वेढे एकमेकांवर आपटू लागतात आणि पोलाद आपली लांबी सोडतं. वेढ्यांवर समोरासमोर चकचकीत घासल्याच्या खुणा दिसल्या तर हेच घडतंय. इलाज सोपा आहे: स्पेसर जितका, बंप स्टॉप तितकाच लांब करायचा. दहा गाड्या उचलणारे त्यातल्या फार थोड्या गाड्यांचे बंप स्टॉप उतरवतात. किट घेताना हा प्रश्न आधी विचारा.

दुसरं कारण म्हणजे वेढ्यांच्या मध्ये अडकवायचे रबरी बफर, जे ॲक्सेसरीच्या दुकानात 'गाडी बसणार नाही' म्हणून विकले जातात. बफर एका वेढ्याची फट बंद करतो. तो वेढा काम थांबवतो आणि त्याच्या वाट्याचं वाकणं उरलेल्या वेढ्यांवर पडतं. शिवाय बफरखाली चिखल आणि पाणी साचतं, तार घासून रंग उडतो आणि तिथून गंज धरतो. कोकणात, किनाऱ्याजवळ चालणाऱ्या गाड्यांत हा गंज फार वेगाने खातो. आधीच दबलेल्या स्प्रिंगमध्ये बफर अजिबात घालू नये.

आणि तिसरं, साधं कारण: मागे लटकलेलं वजन.

वजनाचा हिशेब

२०२० नंतरच्या थारचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर, २४५० मिमी आहे. मागे लोखंडी बंपर आणि मोठ्या स्टेपनीचा कॅरियर मिळून मूळ भागांपेक्षा ६० किलो वाढले आणि त्यांचा भार मागच्या ॲक्सलच्या सुमारे ८०० मिमी मागे पडतो असं धरा. मागच्या ॲक्सलवर ६० किलो पडत नाहीत. हिशेब असा: ६० गुणिले (२४५० + ८००), भागिले २४५०, म्हणजे जवळपास ८० किलो. जास्तीचे २० किलो पुढच्या ॲक्सलवरून उचलले जातात, तरफेसारखे. नाक वर आणि मागचा भाग खाली हे एकाच वजनाने होतं ते असं.

स्प्रिंगचा कडकपणा समजा मिलिमीटरला ३ किलो असेल, तर प्रत्येक बाजूला आलेले ४० किलो गाडीला १३ मिमी खाली बसवतात. ५० मिमीच्या लिफ्टमधला चौथा हिस्सा तिथेच गेला. त्यावर २० लिटर डिझेलचा भरलेला कॅन सुमारे २० किलो, २० लिटर पाणी अजून २० किलो, कॅरियर, तंबू. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: खालची चार मोठी चाकं कितीही जड असली तरी ती स्प्रिंग दाबत नाहीत, कारण ती स्प्रिंगच्या खाली आहेत. पण तसलंच पाचवं चाक मागच्या दारावर लटकवलं की ते पूर्ण भार देतं.

अंदाज करत बसण्यापेक्षा वजनकाट्यावर जा. साखर कारखान्याबाहेर, महामार्गावर, भंगाराच्या यार्डांत काटे असतात. आधी पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून वजन घ्या. एकदा रोजच्या सामानासह, एकदा प्रवासाच्या पूर्ण भारासह, माणसांसकट. मोठे काटे ५-१० किलोच्या पायरीने मोजतात, तेवढं पुरतं. गाडीच्या कमाल एकूण वजनाचा आकडा कागदपत्रांत आणि प्लेटवर असतो. कडक स्प्रिंगने ती मर्यादा वाढत नाही. ब्रेक, ॲक्सल, हब तेच राहतात.

कुठल्या गाडीला काय

भार कायमचा असेल, म्हणजे बंपर, कॅरियर, ड्रॉवर रोज गाडीवरच असतील, तर त्या भारासाठी बनवलेली कडक स्प्रिंग घ्या. विक्रेत्याला 'दोन इंच लिफ्ट' एवढंच सांगू नका. मागच्या ॲक्सलवर किती किलो वाढलेत ते सांगा. तारेच्या जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो: बाकी सगळं तेच ठेवून तार १२ ऐवजी १३ मिमी केली तर कडकपणा जवळपास ३८ टक्क्यांनी वाढतो. म्हणून 'थोडी जाड' स्प्रिंग ही थोडी नसते. रिकाम्या गाडीत अशी स्प्रिंग मागचं चाक खडबडीत रस्त्यावर उडवते आणि मूळ शॉकअपला तिचा परतीचा धक्का आवरत नाही. कडक स्प्रिंगसोबत शॉकअपही त्या जोडीचेच लागतात.

भार कधीतरीच असेल, वर्षातून दोन-चार मोठे प्रवास, तर स्प्रिंग मध्यम ठेवा आणि कॉइलच्या आत बसणारी हवेची पिशवी वापरा. या पिशव्यांना साधारण ५ ते ३५ पीएसआय हवा चालते. रिकाम्या गाडीतही ५ ठेवा, नाहीतर ती आत चुरगळून कापली जाते. दोन्ही पिशव्यांना वेगळी नळी ठेवा. एका टी-जोडाने जोडल्या तर वळणावर हवा भाराखालच्या बाजूकडून दुसरीकडे पळते आणि गाडी जास्तच कलते. दबलेल्या स्प्रिंगची कायमची उंची भरून काढायला मात्र पिशवी वापरू नका. ते तिचं काम नाही.

कॉइल स्प्रिंग बदलणं

खालचा क्रम मागे सरळ ॲक्सल आणि सुट्या कॉइल असलेल्या गाड्यांचा आहे: थार (२०२०नंतरची), जिम्नी, स्कॉर्पिओ. शॉकअपवरच स्प्रिंग चढवलेली असेल तर ती घरी उघडू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस दगावू शकतो.

१. आदल्या दिवशी सगळ्या नट-बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारा. किनारपट्टीवरच्या गाडीला दोनदा.

२. सपाट, पक्क्या जमिनीवर पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. मागच्या चाकांचे नट जमिनीवर असतानाच सैल करा.

३. ॲक्सलखाली जॅक लावून गाडी उचला आणि चासीच्या दोन्ही दांड्यांखाली जॅक स्टँड, म्हणजे गॅरेजातली घोडी, लावा. गाडी हलवून पाहा. फक्त जॅकवर असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. काढलेली चाकं चासीखाली आडवी सरकवून ठेवा.

४. ॲक्सल जॅकवर किंचित टेकवून ठेवत शॉकअपचे खालचे बोल्ट काढा. स्टॅबिलायझरच्या लिंक, ब्रेकच्या नळीचं ब्रॅकेट, एबीएसच्या वायरची क्लिप आणि डिफरन्शियलच्या ब्रीदरची (हवा आत-बाहेर करणारी) नळी सोडवा. ही शेवटची नळी विसरली जाते आणि ताणून निघते. पुढच्या पाण्याच्या क्रॉसिंगला ऑइलमध्ये पाणी जातं.

५. जॅक हळूहळू खाली घ्या आणि डोळा ब्रेकच्या रबरी नळीवर ठेवा. ती ताणली की थांबा. अजून जागा हवी असेल तर पॅनहार्ड रॉडचा (ॲक्सलला बाजूला सरकू न देणारी आडवी दांडी) ॲक्सलकडचा बोल्ट काढा.

६. जुनी स्प्रिंग काढा. वरची-खालची रबर सीट तपासा; चिरलेली असेल तर नवी घ्या, कारण तिथलं लोखंड लोखंडावर घासलं की रोज 'कुर्र' ऐकू येतं. जुन्या दोन्ही स्प्रिंगा टेबलावर उभ्या करून लांबी मोजून वहीत लिहा.

७. नवी स्प्रिंग बसवताना वरचं-खालचं टोक पाहा. तारेचं टोक सीटमधल्या अडथळ्याला टेकलं पाहिजे. बोटभर जरी फिरलेलं राहिलं तरी भार पडल्यावर ते सरकून बसतं, त्या बाजूची उंची बदलते आणि दोष स्प्रिंगवर येतो. डावी-उजवी वेगळी दिली असेल तर लेबल पाहून लावा.

८. सगळं जोडा, पण लिंक आणि पॅनहार्डचे बुश असलेले बोल्ट फक्त हाताने बसतील इतकेच आवळा. चाकं लावा, गाडी जमिनीवर उतरवा, पुढे-मागे ढकला आणि मगच, पूर्ण भार चाकांवर असताना, मॅन्युअलमधल्या टॉर्कने ते बोल्ट आवळा. लटकत्या ॲक्सलवर आवळले तर रबरी बुश कायम पिळलेले राहतात, गाडीला खोट्या उंचीवर धरून ठेवतात आणि काही महिन्यांत फाटतात. 'नवी स्प्रिंग टाकून पण गाडी वाकडी उभी राहते' या तक्रारीत बरेचदा हीच चूक निघते.

गाडी पुन्हा चासीवर उचलून मागची चाकं लोंबकळत ठेवा आणि स्प्रिंग हाताने हलवा. ती सीटमध्ये सैल खुळखुळत असेल तर शॉकअप लांब आहे किंवा स्प्रिंग आखूड. खडकावर एक चाक लटकलं की ती निसटेल.

पाटे असतील तर

जिप्सी, बोलेरो आणि २०२०पूर्वीची थार यांना मागे कॉइलऐवजी पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत. पाटे बसले म्हणजे त्यांची कमान सपाट झाली. पाटेवाला भट्टीत तापवून, ठोकून कमान परत काढून देतो, पण तापवलेल्या पाट्याला नंतर नीट पाणी दिलं नाही आणि टेंपर केलं (पुन्हा हलकं तापवलं) नाही तर पोलाद मऊ राहतं. चार महिन्यांत पाटा पुन्हा सरळ. थंड अवस्थेत कमान काढणारा माणूस शोधा किंवा नवा सेट घ्या. जादा पाटा घालायचा असेल तर लांब घाला. आखूड पाट्याच्या टोकाशी वरचा पाटा एकाच रेषेत वाकत राहतो आणि तिथेच चिरतो.

पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट दर वेळी नवे वापरा, कारण एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तेवढा आवळ धरत नाही. १०० किमीला आणि ५०० किमीला पुन्हा आवळा. सैल राहिले तर पाटे मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटतो आणि ॲक्सल जागेवरून सरकतो. गाडी जमिनीवर असताना शॅकलचा (पाट्याचं टोक चासीला जोडणारी झुलती कडी) कोनही पाहा: कमान वाढली की पाटा आखूड होतो आणि शॅकल उभा किंवा उलटा जातो, मग पाटा लांबायला जागाच उरत नाही.

नंतरची तपासणी

ब्रेकची नळी पूर्ण लोंबत्या स्थितीतही सैल हवी. पाट्यांच्या अनेक जुन्या गाड्यांत मागच्या ॲक्सलला भारानुसार ब्रेक वाटणारा व्हॉल्व्ह असतो, दांडीने जोडलेला. गाडी उचलली की त्याला गाडी रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. त्याची दांडी उंचीप्रमाणे जुळवून घ्या. टायरच्या आतल्या बाजूपासून चासीपर्यंत दोन्हीकडे मोजा; पॅनहार्ड रॉडमुळे ॲक्सल एका बाजूला सरकलेला असेल तर जुळवता येणारा रॉड लागतो. गाडी भिंतीसमोर उभी करून हेडलाइटचा झोत पुन्हा जुळवा. काम सुरू करण्याआधीच भिंतीवर जुन्या प्रकाशाची कड टेपने आखून ठेवली असेल तर हे दहा मिनिटांचं काम आहे.

कायद्याची बाजू: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल पाहता, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलावर आरटीओ आणि विमा कंपनी दोघंही बोट ठेवू शकतात. किट घेण्याआधी दोन्हीकडे विचारून घ्या.

५०० किमीनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्कने तपासा आणि त्याच जागी, तेवढ्याच टाकीने, टेपच्या त्याच रेघेवर उंची घ्या. नंतर १००० आणि ३००० किमीला. पहिल्या दोन आकड्यांत काही मिमी घट दिसेल; १००० आणि ३०००च्या आकड्यांत फरक नसेल तर स्प्रिंग स्थिरावली. तरीही घसरण चालूच असेल तर वही घेऊन विक्रेत्याकडे जा. तारीख, टाकी आणि चार चाकांचे आकडे समोर ठेवलेत की वॉरंटीत 'तुम्ही जास्त माल भरला असेल' हे उत्तर टिकत नाही.